उत्तमरावांचे दोन सत्कार

आंबिवलीचे उत्तम शेडगे फौजेत लंगरावर, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरात होते. निवृत्तीनंतर कोलशेतच्या एका कारखान्यात पंधरा वर्षं गेटवर उभे राहिले. दिसायला भोळे, पण अंगातली खोडी फक्त बायकोला, कलावतीबाईंना ठाऊक होती.

पालिकेची निवडणूक तोंडावर आली होती. त्यात नात सान्वीनं आजोबांचा गणवेशातला जुना फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘श्रीलंका, शांतिसेना’. झालं, ग्रुप पेटला. सैन्य पाठवलं एका सरकारनं, वाटाघाटी होऊन नव्वदच्या मार्चमध्ये ते परत आलं तेव्हा सरकार दुसरं. मग चूक कोणाची? ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता ते जास्त तावातावानं लिहीत होते.

दुसऱ्याच दिवशी वॉर्डातला उमेदवार कुंडलिक म्हात्रे घरी आला. सत्कार करायचा म्हणाला. फक्त उत्तमरावांनी भाषणात एवढंच सांगायचं, की आपण जिंकत होतो, परत बोलावणाऱ्यांनी घात केला. उत्तमराव बरं म्हणाले. संध्याकाळी समोरच्या पक्षाचा सुदेश राणे आला. त्यालाही सत्कारच करायचा होता. फक्त तयारी न करता पाठवणाऱ्यांनी घात केला, असं म्हणायचं. उत्तमराव त्यालाही बरं म्हणाले. वर दोघांनाही एकच रविवार, सकाळचे अकरा आणि सोसायटीचं मैदान सांगून टाकलं.

“आता तुम्ही मार खाणार,” कलावतीबाई म्हणाल्या आणि इस्त्रीचा सदरा काढून दिला.

रविवारी एकाच मांडवावर दोन बॅनर लागले. माणसं जमलेली, माघारी कोण फिरणार? तासभर घासाघीस होऊन सत्कार एकत्र करायचं ठरलं. दोन शाली, दोन नारळ घेऊन उत्तमराव माइकपाशी गेले.

“चूक कोणाची ते सांगतो,” ते म्हणाले. “आमची गाडी वीस मिनिटं उशिरा निघाली, ती माझ्यामुळे.”

लोक हसले. उत्तमराव सांगत राहिले. त्रिंकोमालीत छावणीशेजारी एक म्हातारी राहायची. लंगरासाठी तिचा पाटा-वरवंटा आणलेला, तो वर्षभर तसाच राहिला. बंदराकडे निघायचा हुकूम झाला तेव्हा त्यांना तो आठवला. सुभेदार शिव्या घालत असताना ते पाटा डोक्यावर घेऊन धावत गेले. म्हातारी त्यांच्याशी कधीच बोलली नव्हती. तिनं पाटा उलटा करून नीट बघितला, कुठं टवका उडालाय का. मग आत ठेवला आणि दार लावून घेतलं.

“मी बाहेर उभा. वाटलं, काहीतरी बोलेल. शिवी तरी देईल.” उत्तमरावांनी दोन्ही नारळ खाली ठेवले. “आमच्या कंपनीतले अकरा जण परतीच्या बोटीवर नव्हते. त्यांची नावं सांगतो. दोन्ही भाऊंनी माझ्यामागून म्हणावीत.”

आता नाही कसं म्हणणार? कुंडलिक आणि सुदेश शेजारी शेजारी उभे राहिले आणि शाळेतल्या पोरांसारखी एकेक नाव म्हणू लागले. चौथ्या नावापासून मैदानही म्हणायला लागलं. अकरावं नाव बाबुराव सावंत. ते घेताना उत्तमरावांचा आवाज बसला, तेव्हा ते दोघांनीच पुरं केलं. नंतर कुणी भाषण केलं नाही.

दुपारी ग्रुपवर नवी लढाई सुरू झाली. म्हाताऱ्याला बोलवायची कल्पना कोणाची होती? कुंडलिकची माणसं म्हणत होती सुदेशची, आणि सुदेशची म्हणत होती कुंडलिकची. मांडव कोणी काढायचा यावरही बोलणी फिसकटली. तो मंगळवारपर्यंत तसाच उभा होता.

उत्तमरावांनी ते सगळं सान्वीकडून वाचून घेतलं, चहा पिता पिता, अगदी निरागस चेहऱ्यानं. कलावतीबाईंनी विचारलं, मत कोणाला देणार? ते म्हणाले, ते गुप्त असतं. मग कप घेऊन खिडकीशी जाऊन बसले. खाली पोरं रिकाम्या मांडवात क्रिकेट खेळत होती.