आक्काची न बेतलेली कापडं

दाजींचा फोन आला तेव्हा मी निपाणीच्या शाळेत, चौथीच्या वर्गावर होते. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, राजमतीआक्काचे यजमान. शाळेच्या वेळेत ते कधी फोन करत नसत. मी व्हरांड्यात आले. ते म्हणाले, "सुजाता, राजमती गेली गं." मी विचारलं, "कुठं?" त्या प्रश्नाची मला अजून लाज वाटते. बेळगावच्या दवाखान्यात तिच्या खेपा चालल्या होत्या, हे मला ठाऊक होतं. तरी त्या क्षणी मला खरंच वाटलं, ती बाजारात गेली असेल, कापड घ्यायला.

आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. निपाणीतच शिवण शिकली आणि लग्न होऊन बेळगावजवळ पिरनवाडीला गेली ती मशिन बरोबर घेऊनच. तिची शिवण उलट बाजूनं पाहिली तरी सुलट वाटायची. माझे लहानपणचे सगळे फ्रॉक तिच्या हातचे. पण लग्नानंतर तिनं जेवढं कापड घेतलं त्यातलं फारच थोडं मशिनखाली गेलं. खडे बाजारात भाजी आणायला जायची आणि पिशवीत कोथिंबिरीखाली दोन मीटर केंब्रिक घेऊन यायची. दुकानदार लांबूनच हाक मारायचे, "आक्का, होसा माल बंदैत्री." नवा माल आलाय म्हटल्यावर हिचा पाय तिथंच अडखळायचा. आधी बोटांनी कापड चोळून बघायची, मग गालाला लावायची, मग पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, किती ते विचारायची. मी एकदा वैतागून म्हणाले, "आक्का, आधीचं शिव की गं." ती हसली. "घेतलं की अर्धं शिवल्यागत वाटतंय बघ. आता उरलं कितीसं?"

प्रत्येक तुकडा कुणाचा हे घेतानाच ठरलेलं असायचं. घरी आली की ती टेप घेऊन त्या माणसाच्या मागं लागायची, मापं एका चिठ्ठीवर लिहायची आणि चिठ्ठी टाचणीनं कापडाला लावून कपाटात ठेवायची. मग दुपार व्हायची वाट बघायची. दुपार झाली की आत्ती, म्हणजे तिच्या सासूबाई, आतून हाक मारायच्या. अर्धांगानं त्या अकरा वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना कूस बदलून देऊन आक्का मशिनपाशी बसते न बसते तोवर शेजारीण साडी घेऊन यायची, "वहिनी, एवढा फॉल लावून द्या की." आक्काला नाही म्हणता येत नसे. लोकांचे फॉल लागले, लोकांच्या झिपा बदलल्या. मोबाईल आल्यावर तर ती शिवणाचे व्हिडिओ बघत बसायची. स्वतःच सांगायची, "आज परत त्या बाईनं शिवलं, मी बघितलं."

आणि रोज दोन वाजता फोन वाजायचा. तो माझा असायचा.

मला शाळेत तेव्हा मोकळा तास असे. माझ्या नवऱ्याची बदली, सासरची धुसफूस, मुख्याध्यापकांचा तिरसटपणा, सगळं मी तिच्या कानात ओतायची. माझा तास संपेपर्यंत ती ऐकायची. एकदा, बऱ्याच वर्षांपूर्वी, मी बोलत असताना ती म्हणाली, "सुजे, थांब जरा, एवढी बाही जोडून घेते." मला राग आला. मी फोन ठेवला आणि दोन दिवस केलाच नाही. तिसऱ्या दिवशी तिनंच केला. "बोल गं बाई, मशिन झाकून ठेवलंय." त्यानंतर ती मला कधीच थांब म्हणाली नाही... हा मला तेव्हा जिव्हाळा वाटला होता.

गेल्या वर्षी आत्ती वारल्या. आक्का रडली, खूप रडली, आणि महिन्याभरानं मला म्हणाली, "आता येळच येळ हाय. श्रेयापास्नं सुरवात करते." श्रेया माझी मुलगी. तिच्यासाठी आक्कानं ती जन्मल्यापासून कापड घेऊन ठेवलं होतं. पण त्याच सुमाराला आक्काला छातीत गाठ लागली. ऑपरेशन झालं, औषधं चालू झाली, केस गेले. केसांचं तिला काही वाटलं नाही. बोटं बधिर झाली, ते मात्र तिनं माझ्यापासून लपवलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी चार दिवस तिच्याकडे गेले. पहिल्याच सकाळी तिनं पिवळं छापील कापड काढलं. "श्रेयाचा कुर्ता. माझ्या देखत होऊंदे." सुईत दोरा तिला ओवता येईना, मी ओवून दिला. ती टाचण्या लावत गेली आणि मी बोलत बसले. बोलता बोलता माझं लक्ष गेलं, पिवळ्या कापडावर लाल ठिपके पडत होते. टाचणी तिच्या बोटात अर्धी रुतली होती आणि तिला पत्ताच नव्हता. मी ओरडले तेव्हा तिनं बोट डोळ्यांसमोर धरलं, दुसऱ्याचं असावं तसं पाहिलं. "कळंना झालंय गं काहीच," ती म्हणाली. "कापडपण कळंना झालंय. सुती का रेशमी, बघून सांगावं लागतंय." मग ती कापड गालाला लावून बसली. गालाला कळत होतं.

त्यावर तिनं मार्ग काढला. "तू शिव, मी सांगते." मी आयुष्यात मशिनला हात लावलेला नव्हता, पण बसले. दहा टाके जातात न जातात तोवर दाजींच्या नात्यातली माणसं आजाऱ्याला बघायला आली. ती माणसं उठली तोवर दुसरी आली. आक्का सगळ्यांशी बोलत होती, ठीक हाय म्हणत होती. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर ती मला हळूच म्हणाली, "सुजे, पुढचं दार लाव गं. कोण आलं तर झोपलीया म्हण." मी म्हणाले, "आक्का, बरं दिसंल का ते?" मग "न्हाय, बरं न्हाय दिसायचं," म्हणाली आणि डोक्याचा रुमाल नीट करून बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. एक दार लावायला मला काय झालं होतं? आता रोज स्वतःला विचारते.

चौथ्या दिवशी मी निघाले. कुर्त्याची एक बाजू, तीही वाकडी, एवढंच झालं होतं. पावसाळा सरायच्या आत आक्का गेली.

कार्य उरकल्यावर बायकांनी कपाट उघडलं. कुणीतरी म्हणालं, वाटून टाकू, वापरात तरी येईल. मी चिठ्ठ्या वाचू लागले. दाजींचा शर्ट, त्यांच्या तरुणपणच्या छातीच्या मापाचा. आत्तींची दोन झंपरं. माझ्यासाठी खणाचं ब्लाऊज, माझ्या लग्नाच्या वर्षीची मापं. श्रेयाच्या तर कितीतरी चिठ्ठ्या. पहिल्यांदा दात पडले त्या वयाची उंची, शाळा बदलली तेव्हाची. ती आता कॉलेजात आहे. ते कापड तिच्या एका खांद्याला पुरणार नाही. श्रेया माझ्याशेजारी उभी राहून चिठ्ठ्या वाचत होती, आणि मग बाहेर निघून गेली. मी पुन्हा पुन्हा शोधलं, आक्काच्या नावाची चिठ्ठी एकही नव्हती.

मी दाजींना विचारलं, "तिनं स्वतःला काहीच घेतलं नव्हतं का?" ते मला मागच्या परसात घेऊन गेले. दोरीवर एक पांढरं मलमल वाळत होतं. शेवटचं दवाखान्यात जायच्या सकाळी आक्कानं ते बादलीत भिजत घातलं होतं. बेतायच्या आधी कापड आटवून घ्यायची तिची शिस्त. "पुढनं उघडणारा गाऊन शिवणार म्हणत होती," दाजी म्हणाले. "ऑपरेशनच्या जागी दवाखान्यातला टोचायचा तिला. म्हणाली, आल्यावर बेतते, तेवढं वाळत घाला."

आम्ही बोलत होतो तोवर सर आली. दाजी पुढं झाले, चिमटे काढले, कापड छातीशी धरून आडोशाला आले. सर ओसरल्यावर त्यांनी दोरी पुसली आणि ते कापड पुन्हा वाळत घालू लागले. मी म्हणाले, "दाजी, वाळलंय की ते आता." ते म्हणाले, "व्हय." आणि एक टोक दोरीवर टाकून, दुसरं माझ्या हातात देऊन, मी ते ताणून धरायची वाट बघत उभे राहिले.