काटा वर चढेना

माझ्या थोरल्या जावेला काळजी करायला कारण लागत नाही, असं आमच्या घरात सगळेच म्हणतात. दूध उतू गेलं तर ती हळहळते आणि नाही गेलं तर पातेल्यात डोकावून बघते, दूध बरोबर आहे ना! पण त्या वर्षी तिला खरंच कारण मिळालं, आणि नेमकं तेव्हाच आम्ही तिचं म्हणणं कानाआड केलं.

ती शाळेची व्हॅन चालवते. मी तिला ताई म्हणते, व्हॅनमधली मुलं मावशी म्हणतात. व्हॅन मुळात तिच्या नवऱ्याची. त्यांची नजर अधू होत गेली, तेव्हा गाडी विकून टाकायची बोलणी सुरू झाली. ही बाई कुणाला न विचारता ड्रायव्हिंग शिकायला गेली. चाळिशी उलटली होती तिची. गाडीही काही तरुण नव्हती. सरकतं दार ओढायला दोन हात लागायचे, आणि फाटलेल्या सीटा मी माझ्या शिवणयंत्रावर कितीदा शिवल्या असतील, मोजदाद नाही.

सुरुवात सिग्नलपाशी झाली. गाडी उभी असताना तिला उचकी लागल्यासारखा एक बारीकसा धक्का बसला. ताईनं घरी येऊन मला सांगितलं, तर मी म्हटलं, "खड्डा असेल."

"उभ्या गाडीला कुठला गं खड्डा?"

मी कणीक मळायला घेतली.

मग ॲव्हरेज पडला. सोमवारी भरलेली टाकी आठवडाभर पुरायची, ती गुरुवारीच तळ दाखवू लागली. धुराला पेट्रोलचा उग्र वास यायला लागला. कुठून तरी गळत असेल आणि मागे मुलं बसलेली असतील, हा विचार एकदा ताईच्या डोक्यात शिरला तो निघेचना. ती संध्याकाळी व्हॅनखाली वर्तमानपत्र पसरून ठेवायची आणि सकाळी दात घासायच्या आधी ओणवी होऊन डाग शोधायची. डाग कधीच नसायचा. त्यानंही तिचं समाधान व्हायचं नाही.

माझे यजमान, म्हणजे ताईचे धाकटे दीर, गोदामात कामाला आहेत. पण गाड्यांच्या बाबतीत घरातले डॉक्टर तेच, पदवी नसलेले. त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिनाला कान दिला आणि निदान केलं. "वहिनी, तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता. मग पेट्रोल जाणार नाही तर काय?"

ताईनं ते मनाला लावून घेतलं. डावा पाय इतका मागे ओढून बसायला लागली की पोटरीत गोळे यायचे. तरी उचकी थांबली नाही. मग ह्यांनी प्लग बदलले. जुने निघाले ते तव्याच्या बुडासारखे काळेकुट्ट. नवे घातल्यावर गाडी शहाण्यासारखी चालली, आणि आठवड्याभरात पुन्हा ये रे माझ्या मागल्या. पेट्रोल भेसळीचं असेल, पंप बदला, असं हे म्हणाले. पंप बदलला. शेवटी म्हणाले, "गाडीचं वय झालंय, वहिनी. चालायचंच."

"माझंही झालंय," ताई म्हणाली. "पण मी मुलांना घेऊन रस्त्यात बंद पडत नाही."

आणि पुढच्याच आठवड्यात गाडी बंद पडली. पुलाच्या चढावर, मुलांनी भरलेली, मागे सिमेंट कालवणारा अजस्र ट्रक. दोन-तीन गचके देऊन इंजिन मेलं आणि व्हॅन मागे घरंगळायला लागली. ताईनं हँडब्रेक असा ओढला की तळव्याला वळ उठला. एरवी कलकल करणारी मुलं चिडीचूप झाली. ट्रकवाला भोंग्यावरचा हात काढेना. किल्ली फिरवली, नाही. पुन्हा फिरवली, नाही. तिसऱ्यांदा इंजिन खोकत खोकत लागलं. मुलांना शाळेत सोडून आल्यावर ती गाडीतून उतरेचना. मी पाणी नेऊन दिलं, तेही तिथंच बसून प्यायली.

दुसऱ्या दिवशी एका मुलीच्या वडिलांनी कळवलं, आमची मुलगी आता व्हॅननं येणार नाही. बाकीच्या आया म्हणाल्या, दाराशी कुणीतरी मोठं माणूस बसू दे. ते मोठं माणूस मी झाले. आणि तेव्हा कुठे मला ते कळलं. दर सिग्नलला पाठीत कुणीतरी हळूच बुक्की मारावी तसं. बुक्की बसली की पुढच्या आरशात ताईचे डोळे माझ्याकडे बघायचे, आणि मी मान हलवायचे. घरी ह्यांना सांगितलं तर हसले. "वाण नाही पण गुण लागला तुला."

मग आम्ही दोघी ह्यांना न सांगता एका मेकॅनिककडे गेलो. बाजारामागच्या गल्लीत त्याचं गॅरेज. त्यानं गाडी चालू ठेवून ऐकली आणि म्हणाला, "मिसिंग करतेय, मधेच ठोका चुकतोय. प्लगला ठिणगी पुरवणारी कॉइल गेली असेल." कॉइल बदलली. दोन दिवस बरे गेले, मग तेच. आता मला राग आला होता, पण ताई त्याच्यासमोर उभी राहून म्हणते कशी, "माझंच काहीतरी चुकत असेल हो चालवताना."

तो हात पुसत होता, थांबला. "बाई, चुकतेय गाडी. कॉइलच्या बाबतीत चुकलो मी. तुम्ही कशाला माफी मागताय? उद्या मीच येतो तुमच्याबरोबर."

खरंच आला. स्टिअरिंगखाली स्कॅनरची वायर जोडून पुढच्या सीटवर बसला. गाडीला काय झालंय, तिला इंजेक्शन देणार का, मुलांनी विचारून भंडावून सोडलं. तो हूं हूं करत स्कॅनरवरचे आकडे बघत होता. अर्धा रस्ता गेल्यावर त्यानं तापमानाच्या काट्याकडे बोट केलं. "हा कायम इतका खालीच असतो?"

"कायम," ताई जरा अभिमानानंच म्हणाली. "मागच्या उन्हाळ्यात भर रस्त्यात उकळली होती, वाफच वाफ. भावजींनी बघितली, तेव्हापासून काटा कधी वर गेला नाही. तेवढं एक सुख आहे हिचं."

मुलं उतरली, आम्ही गॅरेजवर परतलो, इंजिन निवू दिलं, आणि त्यानं रेडिएटरच्या नळीजवळचं एक झाकण खोललं. आत बोट फिरवून म्हणाला, "इथं थर्मोस्टॅट असतो. कुणीतरी काढून टाकलाय."

"म्हणजे?" मी विचारलं.

"इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरायचं, तापलं की सोडायचं, एवढंच त्याचं काम. तो नाही, म्हणून ही कधी तापतच नाही. हिला वाटतं आपण आत्ताच गारठून उठलोय, म्हणून जास्त पेट्रोल मागत राहते. ते नीट जळत नाही, प्लगवर काजळी धरते आणि मग गचके. थंडी वाजतेय हो हिला, म्हणून खा-खा करतेय."

ताईनं माझ्याकडे बघितलं. मी गटाराकडे बघितलं. मागच्या उन्हाळ्यात त्या बॉनेटखाली हात घालणारा माणूस एकच होता आणि मी त्याच्याशी लग्न केलं होतं.

हे जेवायला बसलेले. मी पाटावरच गाठलं. "थर्मोस्टॅट तुम्ही काढलात?"

"हो. उकळणारी गाडी आणखी काय करायची? सगळे काढतात."

"मग सांगितलं का नाही?"

ह्यांनी बोटं नुसतीच भातात फिरवली. "सांगितलं असतं तर वहिनी म्हणाल्या असत्या, एक भाग काढून गाडी चालते कशी? झोप उडाली असती त्यांची."

ताई दारात उभी होती, हे त्यांना दिसलं नव्हतं. ती आवाज न चढवता म्हणाली, "झोप तशीही उडालीच, भावजी. वर इतके महिने मी समजत होते की मला गाडी चालवता येत नाही."

ह्यांनी हात धुतले. ताटात अर्धं जेवण तसंच होतं. 'चुकलो' हा शब्द आमच्या घरातल्या पुरुषांच्या तोंडून निघत नाही, पण दुसऱ्या दिवशी गोदामातून रजा काढून हे गॅरेजवर गेले आणि मेकॅनिकशेजारी उकिडवे बसून राहिले. मूळ दुखणं तिथं सापडलं. रेडिएटरचा पंखा फिरतच नव्हता, त्याची वायर आतून तुटली होती. म्हणून गाडी उकळली होती. पंखा दुरुस्त झाला, नवा थर्मोस्टॅट बसला, प्लगही नवे.

त्यानंतरची आमची पहिली फेरी मात्र मी विसरणार नाही. काटा हलला. मग चढायला लागला. वर्षभर मेल्यासारखा पडलेला तो काटा वर वर सरकताना बघून ताईच्या कपाळावर घाम आला.

"थांबवू का गं?"

"मध्यापर्यंत जाणार म्हणाला होता तो."

"मध्य झाला की!"

"आत्ता होतोय. बघ, थांबला."

थांबला खरा. पण तिनं श्वास सोडला नव्हता. शाळेच्या फाटकापाशी गाड्यांच्या रांगेत उभे असताना पुढून एकदम घर्रर्र आवाज आला आणि ताई सीटवरून उडालीच. "हे काय आता!"

"मावशी, पंखा लागलाय," मागून एक पोर म्हणालं. मेकॅनिकला भंडावून सोडणाऱ्यांतलंच एक.

तेव्हा ती हसली. डोळे भरलेले होते, तरी हसली.

टाकी आता पुन्हा आठवडा काढते, वास गेला, चढावर गाडी गुमान चढते. ती मुलगी मात्र परत आली नाही. तिचे वडील स्कूटरवरून तिला नेताना दिसले की ताईचा चेहरा अजून उतरतो. तिच्या जागेवर दुसरं मूल बसतं आता, पण ताईच्या दृष्टीनं ते वेगळं खातं.

ह्यांच्यात एक फरक पडलाय. परवा हवेचा फिल्टर साफ करायला बॉनेट उघडलं आणि खालूनच हाक मारली, "वहिनी, मी एक स्क्रू काढतोय हं!"

ताई पदर खोचून खाली उतरली, ह्यांच्यासमोर तळहात पसरला आणि म्हणाली, "काढा. पण इथं ठेवा."