लोरेटा हडाक आणि हिरवी बोट

लोरेटाचा बाप स्टीव्ह हडाक नदीकाठच्या पोलाद कारखान्यात भट्टीवर होता. त्याचा पगार शुक्रवारी व्हायचा. शुक्रवारी संध्याकाळी लोरेटा आणि तिची आई ॲग्नेस स्वयंपाकघरात बसून बाहेरच्या लाकडी पायऱ्या कधी वाजतात ते ऐकत राहायच्या. बारमध्ये निम्मा पगार उडवून तो यायचा, उरलेल्या नोटा टेबलावर आपटायचा आणि विचारायचा, "मागच्या आठवड्याचे पैसे गेले कुठं?"

उत्तर काहीही दिलं तरी मार ठरलेला. कोबी-शेवयांत लोणी जास्त पडलं म्हणून, लोरेटाला बूट घेतले म्हणून, चर्चच्या पेटीत टाकले म्हणून. शेवटी ॲग्नेस दोनचार नोटा पडद्याच्या काठात शिवून ठेवू लागली. एका शुक्रवारी ते त्याला कळलं. त्याने पडद्याची दांडी उपसून काढली आणि त्याच दांडीने बायकोचा जबडा फोडला. लोरेटा तेव्हा नऊ वर्षांची होती. आईचे दात तारेने बांधलेले होते तोवर लोरेटाच तिला नळीने सूप पाजायची.

सतरा वर्षांची झाल्यावर ती एका सुपरमार्केटात मटण कापायच्या टेबलावर लागली. पहिला पगार घेऊन घरी आली तेव्हा बाप दारातच उभा होता.

"आण इकडं."

"हे माझे आहेत."

"ह्या घरात माझं-तुझं कधीपासून सुरू झालं गं?" म्हणत त्याने तिचं मनगट पिरगळलं. लोरेटाचा दुसरा हात मोकळा होता आणि शेगडीवर बिडाचा तवा होता. एकच घाव बसला. स्टीव्ह हडाक भिंतीला घासत खाली बसला, कानातून रक्त आलं आणि त्या कानाने त्याला पुन्हा कधी नीट ऐकू आलं नाही. पैसेही त्याने पुन्हा कधी मागितले नाहीत.

त्या दिवशी लोरेटाने मनाशी एक गाठ मारून घेतली. ज्याच्या मुठीत पैसा, त्याला कुणी मारत नाही. पुढे कारखाना बंद पडला, बाप मेला, आई मेली, निम्मं गाव ओस पडलं, पण ही गाठ काही सुटली नाही.

नवरा तिने बापाच्या अगदी उलटा शोधला. ड्वेन पुरडी बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारा ट्रक चालवायचा. अंगाने अवाढव्य, बोलायला मऊ, आणि हाताने सढळ. रस्त्यात अडकलेल्या बाईकडे पैसे नसले तर "राहू द्या हो" म्हणून मोकळा व्हायचा. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात लोरेटाने त्याचा पगार स्वतःच्या खात्यात वळवून घेतला. सकाळी ती त्याला डबा आणि कॉफीपुरते पैसे द्यायची, रात्री उरलेली चिल्लर परत मागायची.

"अगं, दोन डॉलरचं काय एवढं?"

"दोनाचे वीस व्हायला वेळ लागत नाही."

अंगावर हात तिने कधी टाकला नाही, पण वस्तू फेकायची. ड्वेनने एकदा मित्राच्या पोरीला वाढदिवसाला सायकल घेतली, तर टोस्टर भिंतीवर गेला. एकदा लॉटरीची तिकिटं सापडली, तेव्हा खिडकीची काच गेली. मग ड्वेन खाली वाकून काचा गोळा करायचा. आणि ती बँकेला फोन लावून खात्यात किती आहे ते पुन्हा पुन्हा ऐकायची. आकडा चांगला असायचा. तरी फोन ठेवला की ती परत लावायची.

ड्वेनची आई ओहायोत वारली आणि त्याच्या वाट्याला थोडे पैसे आले. लोरेटाला त्याने खरी रक्कम सांगितलीच नाही. अर्धे घरी आणून दिले आणि उरलेल्यांची एक जुनी मासेमारीची बोट घेतली. हिरवी, लहान इंजिनाची. ती त्याने बहिणीच्या, नोरीनच्या, अंगणात ताडपत्रीखाली ठेवली.

गावात अशी गोष्ट लपते थोडीच. मटणाच्या टेबलापाशी एक गिऱ्हाईक हसत म्हणाली, "बोट मस्त घेतली हं ड्वेनने. आता मासे फुकट."

लोरेटाने तिचं मटण बांधून दिलं, ॲप्रन काढला, घरी जाऊन लाकडं फोडायची जड कुऱ्हाड घेतली आणि नोरीनचं घर गाठलं. शनिवारची दुपार होती. ताडपत्री ओढून तिने पहिला घाव थेट बोटीच्या नाकावर घातला. हिरव्या फायबरच्या कपच्या उडाल्या. दुसऱ्या घावाला बूड फाटलं. इंजिनावर घातलेला घाव उसळून परत आला, तिच्या कपाळावर खोक पडली, तरी ती थांबेना. नोरीन दारातून ओरडत होती. शेजारी कुंपणाशी गोळा झाले.

ड्वेन ट्रकमधून उतरून धावत आला. "लोरेटा, पुरे. लोरेटा, लागेल तुला." त्याने मागून तिचं मनगट धरलं.

मनगट धरलं गेलं आणि लोरेटाला ड्वेन दिसेनासा झाला. तिने अंग फिरवून कुऱ्हाडीचा दांडा हाणला. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज कुंपणापर्यंत ऐकू गेला. तो गुडघ्यांवर पडला, तरी तिने आणखी एक हाणला, पाठीत. तिसऱ्यासाठी हात वर गेला तेव्हा त्याने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. एक हात नीट वर येत नव्हता.

तसं डोकं झाकून बसलेलं माणूस तिने पाहिलं होतं. तिची आई, स्वयंपाकघरात, टेबल आणि शेगडीच्या मधे. कुऱ्हाड हातातून गळून पडली.

"सांगितलं का नाहीस मला?" तिने विचारलं.

ड्वेन जमिनीकडे बघतच म्हणाला, "भीती वाटते तुझी."

"माझी?"

"वीस वर्षं वाटतेय. शुक्रवारी पगार झाला की घरी यायला पाय उचलत नाही माझा."

पोलीस आले. हवालदार तिच्याच वर्गातला होता. "चल लोरेटा, हात पुढं कर," एवढंच तो म्हणाला, आणि तिने केले. ड्वेनने जबानीत काही लपवलं नाही, वाढवूनही सांगितलं नाही. न्यायाधीशबाईंनी तुरुंगाऐवजी बंधनं घातली. ड्वेनपासून लांब राहायचं आणि दर आठवड्याला रागावर ताबा ठेवायच्या वर्गाला जायचं. चर्चच्या तळघरात घडीच्या खुर्च्यांवर बसलेल्या पुरुषांत ती एकटीच बाई होती. बरेच आठवडे ती दुसऱ्यांचं ऐकत बसली. मग एकदा बोलली, "मला वाटायचं मी माझ्या आईसारखी आहे. सांभाळून ठेवणारी. आई कशाला सांभाळून ठेवेल? ती तर लपवायची. आमच्या घरात लपवणारा नवरा आहे. म्हणजे मी बापावर गेले." शेजारी बसलेल्या, छपरं घालणाऱ्या मिस्त्रीने आपली कॉफी तिच्यापुढे सरकवली.

बंदी उठल्यावर वसंतात ड्वेन तिला भेटायला आला. खांदा एका बाजूला उतरलेला होता. व्हरांड्यातच उभा राहून त्याने घरी परत यायच्या अटी सांगितल्या. पगार त्याच्याच खात्यात राहील. घरखर्चाचा वाटा देईल, उरलेल्याचा हिशेब देणार नाही. "आणि मागच्या खोलीत झोपीन. दाराला आतून कडी हवी."

"बसवते," लोरेटा म्हणाली.

ती हार्डवेअरच्या दुकानात गेली. दुकानदाराने स्वस्तातली कडी पुढे ठेवली, कारण तिची सवय त्याला ठाऊक होती. "कुणाला अडवायचंय?" त्याने सहज विचारलं.

"मला," ती म्हणाली. "मी खांद्याने ढकलली तर टिकेल अशी दे."

त्याने पितळेची जाड कडी काढली. तिने किंमत विचारली नाही.

कडी तिनेच बसवली, लांब स्क्रू घालून. पहिल्या रात्री ती सरकल्याचा आवाज आला तेव्हा लोरेटा भिंतीपलीकडे जागीच होती. वर्षभर तो आवाज रोज आला. पुढे कधी यायचा, कधी नाही. ज्या शुक्रवारी ड्वेन काही विकत घेऊन यायचा, त्या रात्री मात्र हमखास यायचा. मग ती उठून, वर्गात शिकवलं होतं तसं, थंड पाण्याखाली मनगटं धरायची, आणि राग उतरेपर्यंत तशीच उभी राहायची.