जिवंत चांदी

निवृत्तीनंतर मी भाषांतरं करते. आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, त्यामुळे शब्दकोश उघडायची वेळ माझ्यावर फारशी येत नाही, आणि हे मी चारचौघांत सांगतेही. मध्यंतरी धातूंवरचं एक जुनं इंग्रजी पुस्तक मराठीत करायला आलं. त्यात एका वाक्यात पाऱ्याची दोन नावं शेजारी शेजारी होती, हल्लीचं मर्क्युरी आणि जुनं क्विकसिल्व्हर. दोन्हींना 'पारा' लिहून भागणार नव्हतं. मी एका दमात लिहून टाकलं, चपळ चांदी.

त्या दिवसांत माझे धाकटे दीर विट्याहून आमच्याकडे साताऱ्याला राहायला आले होते. त्यांचे हात थरथरत. शर्टाची बटणंसुद्धा माझे यजमान लावून देत. डॉक्टर वयाचा कंप समजून गोळ्या देत होते. दीरांची सगळी हयात तमिळनाडूत गलाईच्या दुकानात, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करण्याच्या कामात गेली. हात चालेनात म्हणून दोनच महिन्यांपूर्वी दुकान मुलावर सोपवून ते गावी परतले होते.

लिहिलेलं मोठ्याने वाचून बघायची मला सवय आहे. 'चपळ चांदी' कानावर पडताच ते म्हणाले, "वैनी, त्यो शब्द चुकला."

शाळा अर्धवट सोडलेल्या माणसाने माझं इंग्रजी तपासावं याचं मला हसू आलं. मी त्यांना क्विक म्हणजे काय ते समजावलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"चपळ तर पानी बी असतंय," ते म्हणाले. "पारा जित्ता असतोय. आमचा वस्ताद सांगायचा, जित्ता हाय तवर त्यो सोनं खातोय. पोट भरलं की जड हुतो आनि गप पडतो."

मग त्यांनी कामाची रीत सांगितली. सोनारांच्या दुकानातली झाडलोट आणायची, धुवायची, त्यात पारा चोळायचा. मातीत हरवलेला सोन्याचा कण न् कण पारा गोळा करतो. तो गोळा मुशीत तापवला की पारा धूर होऊन जातो आणि सोनं मागे राहतं.

त्यांची चूक दाखवायची म्हणूनच मी मोठा कोश काढला. क्विकचा सगळ्यात जुना अर्थ तिथे होता, जिवंत. चपळ हा अर्थ नंतर चिकटलेला. जे जिवंत ते हलतं, एवढ्यावरून. खाली आणखी एक अर्थ होता, नखाखालचं हुळहुळं मांस. आपण त्याला जिव्हाळी म्हणतो. इंग्रजांनी आणि आपण, दोघांनीही त्या जागेला जीवावरून नाव दिलं, आणि इतकी वर्षं वर्गात दोन्ही भाषा तोंडात असून माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. मी 'चपळ' खोडून 'जिवंत' लिहिलं आणि दीरांना तसं सांगितलं.

त्यांनी विचारलं, "आनि आपला पारा कुटनं आला?"

मी सांगितलं की संस्कृतात पारद. जुने वैद्य त्याची फोड करायचे, पार देणारा, म्हणजे पैलतीराला नेणारा. काही अभ्यासकांना हे पटत नाही. पश्चिमेकडच्या एका जमातीच्या नावावरून तो शब्द आला असावा असं ते म्हणतात.

ते म्हणाले, "नेतोय की पार. आमच्या दुकानातली दोगं नेली त्यानं."

मी पेन खाली ठेवलं. खोदून विचारलं तेव्हा हळूहळू बाहेर आलं. सोन्याची धूळ उडू नये म्हणून भट्टीच्या खोलीला खिडकी नव्हती. सोबतच्या एकाच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, मग हात कापायला लागले, मग स्वभाव पार बदलला. गावी परतला आणि वर्षाच्या आत गेला. दुसऱ्याचंही तसंच झालं.

हे डॉक्टरांना सांगितलं होतं का, असं मी विचारलं. डॉक्टरांनी धंदा विचारला होता आणि यांनी सोन्याचा म्हणून सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्यांच्याबरोबर गेले आणि डॉक्टरांना मुशीपासून धुरापर्यंत सगळं सांगायला लावलं. डॉक्टरांनी रक्त आणि लघवी पुण्याला तपासायला पाठवली. दोन्हींत पारा निघाला. आधीच्या गोळ्या बंद झाल्या, नवे उपचार सुरू झाले. कंप पूर्ण गेलेला नाही, जाईल असं कुणी म्हणतही नाही. पण दीर आता आपल्या हाताने जेवतात आणि विट्यातल्या घरी एकटे राहतात.

पुस्तकाच्या संपादकांना 'चपळ चांदी'च कानाला गोड वाटत होती. मी ऐकलं नाही. 'जिवंत चांदी' छापून आलं, खाली माझ्या टिपेसह.

दुकानाचं मात्र इतक्या सहज झालं नाही. अहवाल आला त्याच दिवशी दीरांनी माझ्यासमोर मुलाला फोन लावून भट्टीच्या खोलीला खिडकी पाडायला सांगितलं. खिडकी पाडली तर सोन्याची धूळ उडेल, नुकसान होईल, असं तो तिकडून सांगत होता.

"उडू दे," दीर म्हणाले. "भित फोड."

मुलाने भिंत फोडली, पण सहा महिने लावले. तोवर दीर रोज सकाळी त्याला फोन करत होते.