यमुनाकाकूंची ठेवणीतली चूक

तळा या माझ्या गावाहून श्रीवर्धनला मुलींच्या शाळेत रुजू व्हायला आले, तेव्हा माझी ट्रंक उतरवून घ्यायला यमुनाकाकू स्वतः पुढे आल्या. त्यांच्या घरची एक खोली मी भाड्याने घेतली होती. हातपाय धुऊन होताच त्यांनी मला पडवीत बसवले, हाती सुरी दिली आणि पुढ्यात वाळलेल्या सुपारीचा ढीग सरकवला. "बाई, सोलता सोलता तुमच्या आजीची एखादी गोष्ट सांगा बघू." मला एकही येत नव्हती. "मग सुट्टीत तळ्याला जाल, तेव्हा आईकडून घेऊन या. रिकाम्या हाती येऊ नका हां!" अशी आमची पहिली ओळख. आज काकूंना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. महिला मंडळाने मला गौरवपर चार शब्द लिहायला बजावले आहे. माझ्या तोंडाळपणाला आवर घालून लिहिते.

सुपारीच्या हंगामात आळीतल्या बायका काकूंच्या पडवीत सोलायला जमतात. नव्या सुनेने माहेरची एक गोष्ट आणायची, आणि सांगण्याआधी ती कोणाकडून ऐकली त्यांचे नाव घ्यायचे. घरातल्या माणसांच्या साध्यासुध्या गोष्टी, देवादिकांच्या नव्हेत. एक नियम मात्र काकूंनी कधी मोडू दिला नाही. जिच्या घरची गोष्ट, ती हयात असेतोवर दुसऱ्या घरच्या बाईने ती सांगायची नाही. आणि सांगताना चूक झालीच, तर ती त्या घरच्याच माणसाने दुरुस्त करायची.

या नियमाचा अर्थ मला माझी आई गेली तेव्हा कळला. तेरावे उरकून मी परत आले आणि खोलीचे दार लावून बसले. काकूंनी बोलावले नाही, समजूतही घातली नाही. पेजेची वाटी घेऊन त्या आत आल्या, मी पेज संपवीपर्यंत बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "आईची ती विहिरीतल्या कळशीची गोष्ट तू आणलीस ना, ती आजवर तिची व्हती, आता तुझी गो. चल, सांग." 'बाई'ची मी 'गो' झाले ती त्या दिवशी. पडवीत जाऊन बसले आणि रडत रडत सांगितली. मधे दोनदा अडले, तेव्हा सगळ्याजणी माना खाली घालून सोलत राहिल्या.

काकूंच्या शेजारी एक पाट रिकामा असतो. तो सकीनाबाईंचा. त्यांचे घर वाडीच्या कुंपणापलीकडे, आणि दोघी परकर नेसत होत्या तेव्हापासूनच्या मैत्रिणी. देश स्वतंत्र झाल्यावर थोड्याच दिवसांत सकीनाबाईंना मुलाबरोबर कराचीला जावे लागले. जाताना म्हणाल्या, "माझा पाट कुणाला देऊ नको. येऊन गोष्ट सांगेन." पहिली काही वर्षे पत्रे आली, मग ती येईनाशी झाली. पण दर हंगामात काकू तो पाट पुसून मांडतात. मुली हट्ट धरीत, "काकू, सकीनाबाईंची गोष्ट तुम्हीच सांगा ना!" काकूंचे उत्तर ठरलेले. "ती येईल नि सांगेल. मी सांगितली म्हंजे ती आता न्हाय, असं मीच म्हटल्यागत व्हईल."

गेल्या पावसाळ्यात काकू अंथरुणाला खिळल्या. आमचे धाबे दणाणले. ती गोष्ट आता इथे एकट्या त्यांनाच ठाऊक. न राहवून मी बोलून गेले, "काकू, तुमच्याबरोबर तीही जाईल हो!" त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले.

बऱ्या झाल्या. यंदा सुपारी सोलायला बसलो, तेव्हा आपण होऊन त्यांनी रिकाम्या पाटावर हात ठेवला. "हे मला सकीनानं सांगितलं, तिला तिच्या आजीनं." सकीनाबाईंच्या आजी नवरी म्हणून गलबतातून येत होत्या. वाटेत समुद्र खवळला. तांडेलाने सगळे सामान पाण्यात टाकायला लावले. दागिन्यांची पेटीही गेली. नवरीने एकच वस्तू सोडली नाही. "पितळी पानदान तिनं उराशी धरलं, ते गलबत बंदराला लागंपर्यंत."

गोष्ट संपली. काकूंनी सुरी खाली ठेवली. "पानदान नव्हतं ते. काय होतं ते मला ठाऊक हाय, पण सांगणार न्हाय. चूक मी मुद्दाम ठेवलीय. गोष्ट तिच्या घरची. दुरुस्त करायला तिच्या घरच्या कुणाला तरी यावंच लागंल की न्हाय?" आणि इतक्या वर्षांत प्रथमच त्या आमच्यासमोर रडल्या. मग आम्हीही रडलो, काय करणार!

आता आळीतल्या पोरीबाळींना ती गोष्ट पाठ आहे, पानदानासकट. कोणी बदलायची नाही, असे आम्ही ठरवले आहे.

काकू, शंभर वर्षे जगा असे सगळेच म्हणतील. मी आकडा घालीत नाही. तुमचे गुडघे धड राहोत, नजर शाबूत राहो, पावसाळे सुखाचे जावोत. आणि एखाद्या दुपारी सकीनाबाई, नाहीतर त्यांची लेक, नाहीतर नात पडवीत येऊन त्या पाटावर बसो आणि आम्हाला मध्येच तोडून म्हणो, "पानदान कुठलं? असं नव्हतं!" तोवर तुम्ही हव्यातच. ती म्हणेल ते खरे की नाही, हे तुमच्यावाचून आम्हाला कोण सांगणार?