यतीनच्या गॅरेजचा कोड

यतीन राजूरकर कुणाच्या अध्यात ना मध्यात. अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या मराठी मंडळींचं त्याच्याबद्दल हेच मत, आणि त्याचं स्वतःबद्दलचंही. बावन्न वर्षांचा, औषध कंपनीत डेटाबेस सांभाळणारा हा गृहस्थ भांडण सुरू झालं की चहा टाकायला आत सटकतो. अशा माणसाला तरी सुखानं जगू द्यावं की नाही? नाही दिलं.

दोन वर्षांपूर्वी गावातलं ढोल-ताशा पथक फुटलं. कारण विचारू नका. मिरवणुकीत ध्वज कुणी धरायचा यावरून ईमेल सुरू झाले, प्रत्येकानं सगळ्यांना उत्तरं दिली आणि पंधरा दिवसांत एकाची दोन पथकं झाली. एक सत्यजितचं, एक गुरुदत्तचं. चौदा ढोल मात्र सामाईक, आणि ते सगळे यतीनच्या गॅरेजमध्ये. त्यांच्यापायी घरातल्या दोन्ही गाड्या बर्फात उभ्या राहतात आणि त्याची बायको नीलांबरी दर जानेवारीत काचा खरवडताना त्याचा उद्धार करते.

"तू कुणाकडून?" दोन्हीकडून विचारणा झाली.

"मी न्यूट्रल आहे यार," यतीन म्हणाला. "गॅरेज दोघांनाही ओपन."

सत्यजित तीन घरं पलीकडे राहणारा. गुरुदत्तची गोष्ट वेगळी. चोवीस वर्षांपूर्वी नागपूरहून दोघं एकाच विमानानं इथे आले, पहिला हिवाळा त्यांनी एकाच गादीवर काढला. यतीन न्यूट्रल झाला तो खरं तर गुरू तुटू नये म्हणूनच.

गेल्या आठवड्यात जेवताना अकरावीतल्या मुलीनं, अनुष्कानं विषय काढला. पहिल्या महायुद्धात अमेरिका तटस्थ होती, मग उतरली का, यावर तिला शाळेसाठी निबंध लिहायचा होता. यतीनला भलताच हुरूप आला. "बिचारी अमेरिका आपला माल विकत होती. जर्मनांनी पाणबुड्यांनी जहाजं बुडवली. नाइलाज झाला!"

"बाबा, इट्स नॉट दॅट सिंपल," ती म्हणाली. यतीननं पोळी वाढून घेतली.

आणि शनिवार उजाडला. गणपती मिरवणूक रविवारी. पावणेआठला यतीन दार उघडून बघतो तर ड्राइव्हवेच्या तोंडावर गुरुदत्तची मिनीव्हॅन आडवी, आत गुरुदत्त हाताची घडी घालून. साडेआठला अनुष्काची ड्रायव्हिंगची परीक्षा. दोन महिने थांबून मिळालेली वेळ, आणि घरातल्या दोन्ही गाड्या त्या व्हॅनमागे अडकलेल्या! यतीनचं डोकंच फिरलं.

"गुरू, हे काय चाललंय? पोरीची रोड टेस्ट आहे!"

"ते मला माहीत नव्हतं. मी सत्यजितला अडवायला उभा आहे. आज एकही ढोल इथून हलणार नाही."

"अरे, तुला नेऊ नको म्हणालो का मी? दोघांनाही ओपन आहे ना! फोन करायचास."

"या आठवड्यात अकरा फोन केले. तू मीटिंगमध्ये. गेल्या वर्षीही तेच. मी पोचतो तेव्हा सैल पानांचे, बद्द वाजणारे चार ढोल उरलेले असतात."

यतीनचा संताप अनावर झाला होता. आपण दोन वर्षं दोघांचं सामान सांभाळायचं, बायकोची बोलणी खायची, आणि आडवी गाडी आपल्याच दारात? बस झालं. आता उघड सत्यजितच्या बाजूनं उभं राहायचं! त्यानं सत्यजितला मेसेज करायला खिशातून फोन काढलासुद्धा.

"बाबा, वेट." परीक्षेचे कागद हातात घेऊन अनुष्का मागे उभी होती. "धिस इज लिटरली माझा निबंध. अमेरिकेचं दुकान बोथ साइड्सना ओपन होतं. पण समुद्र ब्रिटनच्या नेव्हीकडे होता. जर्मनी माल न्यायला येऊच शकत नव्हती. सो सगळा माल एकाच साइडला गेला."

"त्याचा इथे काय संबंध?"

"गॅरेजचं दार उघडायचा कोड कोणाकडे आहे?"

कोड सत्यजितकडे होता. पाच वर्षांपूर्वी, आपण भारतात गेलो की पार्सलं आत ठेवता यावीत म्हणून दिलेला. गुरुदत्तला द्यावा हे दोन वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की फोन तसाच खिशात गेला. तो व्हॅनच्या खिडकीशी वाकला.

"गुरू, कोड लिहून घे. चार, सात..."

"राहू दे." गुरुदत्तनं चावी फिरवली. "तो मला गेल्या वर्षी हवा होता. पोरीला उशीर होतोय, गाडी काढ." आणि अनुष्काकडे बघून म्हणाला, "बेस्ट लक, बेटा."

"थँक्यू, गुरूकाका."

व्हॅन वळून गेली. अनुष्का चाक धरून बसली, यतीन बाजूला. पहिल्याच स्टॉप साइनला त्याचा फोन वाजला. सत्यजितचा मेसेज होता: "गुरू गेला ना? गुड. ढोल आम्ही काढून घेतो, तू टेन्शन घेऊ नको."

यतीननं तो दोनदा वाचला. ढोल नेऊ का, असं त्याला कुणी विचारलंच नव्हतं.