काळ्या लाकडाचे वाफे

वाफेबुवा लाकूड चाखून पाहायचे. सागाचा तुकडा असो की बाभळीचा ओंडका, त्याची साल नखाने खरवडायची, जिभेचे टोक त्याला लावायचे, डोळे मिटायचे आणि मग निकाल द्यायचा. "हे चालते." किंवा, "हे वाटेच्या काठाले टाका." त्यांना तसे करताना मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा कचेरीतल्या सगळ्यांना नक्कल करून दाखवली आणि सगळे पोट धरून हसले. त्या हसण्याचीही आज लाज वाटते, पण पुढे जे मी केले त्यापुढे ती काहीच नाही.

मी तेव्हा बडनेऱ्याला इंजिनिअर साहेबाच्या कचेरीत कारकून होतो. पुण्याकडून आलेला, वय पंचविशीच्या आत, चार ओळी इंग्रजी लिहिता-बोलता येणारा. साहेबाला मराठी येत नव्हते आणि त्याच्या हाताखालच्या बहुतेकांना इंग्रजी येत नव्हते, म्हणून दोघांच्या मधे मी उभा असायचो. रेल्वेचा रस्ता अजून पुरा व्हायचा होता. तिकडे अमेरिकेत लढाई चालली होती आणि विलायतेच्या गिरण्यांना आमच्या वऱ्हाडचा कापूस हवा होता. ज्याच्याकडे हातभर काळी जमीन होती त्याने तिच्यात कापूस लावला. माळ्यांनी मळे मोडले, विहिरीकाठची वांगी-मिरची उपटली आणि तिथेही कापूस पेरला. बाजारात भाजी मिळेनाशी झाली.

वाफेबुवांच्या भावांनीही तेच केले. बुवा मात्र नाही म्हणाले. "कापसाची भाजी कोनी केली हाय का, पंत?" असे त्यांनी मला एकदा विचारले. घरात भांडण झाले, भावांनी मळ्यावर नांगर फिरवला आणि पन्नाशी उलटलेला हा माणूस खांद्यावर कुदळ टाकून साहेबाच्या बंगल्यावर काम मागायला आला. मडमेला भाजीची बाग हवीच होती. मी दुभाषा. बुवांना कामावर ठेवताना त्यांचे म्हणणे साहेबाला मीच सांगितले आणि त्या वेळी ते खरे सांगितले.

काळ्या मातीत बाग करणे सोपे नाही. पावसाळ्यात ती फुगून चिखल होते, मुळे कुजतात. उन्हाळ्यात तिला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. बुवांनी पहिल्याच दिवशी जमिनीकडे पाहून सांगितले, "हिले खाली राहू द्या. आपन भाजी वर उचलू." मग त्यांनी लाकडाच्या चौकटी करून उंच वाफे बांधायला घेतले. आधी वीतभर चर खणून त्यात मुरूम ठोकायचा, म्हणजे पाणी खाली निघून जाते. त्यावर लाकडे आडवी बसवायची, अर्धी जमिनीत, अर्धी वर. कोपऱ्यात एकावर एक चढवायची आणि भोक पाडून बाभळीची खुंटी ठोकायची. वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही. दोन लाकडांच्या टोकांमधे बोटभर फट ठेवायची. मी म्हणालो, "बुवा, ही फट वाईट दिसते." ते म्हणाले, "मातीले अंग हलवाले जागा नको का? नाई देली तं ते लाकूड उखडून फेकते."

वाफ्याची रुंदी दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचेल एवढीच. आत पाय टाकलेला त्यांना खपत नसे. एकदा खुद्द साहेब बूट घालून वाफ्यात उतरला, तर बुवा धावत गेले आणि त्याच्या दंडाला धरून त्याला बाहेर काढले. मी घाबरलो. बुवा म्हणाले, "सांगा त्याले. जेवनाच्या ताटात कोनी पाय देते का?" मी ते जरा गोड करून सांगितले. साहेब हसला आणि त्यानंतर कधी वाफ्यात गेला नाही. त्या हिवाळ्यात सहा वाफ्यांत मेथी, पालक, कोबी आणि मुळे असे आले की आजूबाजूच्या बंगल्यांतून लोक पाहायला येत. वाफेबुवा हे नाव तेव्हाच पडले.

पुढच्या वर्षी साहेबाने वाफे दुप्पट करायला सांगितले. पौषात मुंबईहून मोठे पाहुणे यायचे होते, त्यांच्या टेबलावर घरच्या बागेची भाजी असावी अशी मडमेची इच्छा होती. काम मी अंगावर घेतले. बुवांना साग हवा होता, तो मेळघाटाकडून आणावा लागे आणि गाडी मिळेना. जी ती गाडी कापूस वाहत होती. रेल्वेच्या आवारात मात्र रुळांखाली घालायला विलायतेहून आलेल्या लाकडी स्लीपरांचा ढीग पडला होता. त्यांतले फुटके स्लीपर कोणीही उचलून न्यावेत असे होते. डांबराचे तेल पाजलेली ती काळी, जड, सरळ लाकडे मला फार देखणी वाटली. त्यांना वाळवी लागत नाही, हेही ऐकले होते.

बुवांना मी ढिगापाशी नेले. त्यांनी वाकून लाकूड खरवडले, जीभ लावली आणि लगेच थुंकले. दोनदा चूळ भरली.

"हे फुलाच्या काठाले लावा, पायवाटेले लावा. खायच्या वाफ्याले नाई."

"का? विलायतेचे लाकूड आहे. तुमच्या बाभळीपेक्षा दसपट टिकेल."

"टिकन न. याले मुंगी शिवत नाई पंत. मुंगी ज्याले भेते, त्याच्या बाजूची भाजी मानसानं काहून खावी?"

मला राग आला. माझ्यासारख्या शिकलेल्याला हा अक्षरशत्रू मुंगीचा दाखला देतो! चार दिवसांनी बुवांच्या लेकीचे बाळंतपण आले म्हणून ते आठ दिवसांसाठी तेल्हाऱ्याला गेले आणि त्या आठ दिवसांत मी मजूर लावून नवे सहाही वाफे काळ्या लाकडांचे करून टाकले. माती भरली, रोपे लावली. मुरूम घातला नाही, फटी ठेवल्या नाहीत. सुतासारखी सरळ रेघ दिसत होती.

बुवा परत आले ते बागेच्या दारातच थांबले. आश्विनातले ऊन होते. त्या उन्हाने लाकडांतून तेल पाझरून मातीत काळे ओघळ उतरले होते आणि सगळीकडे डांबराचा वास भरला होता. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "काढून टाकू पंत. दोन दिवसांचं काम हाय. माती बी बदलू. कोनाले समजत नाई." त्यांनी मला वाट काढून दिली होती. मी म्हणालो, "तू माळी आहेस, माळ्यासारखा राहा." दोन वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा 'तू' म्हटले. त्यांनी मान हलवली आणि झारी उचलली. त्या वाफ्यांत त्यांनी एकही रोप लावले नव्हते, पण पाणी मात्र ते रोज घालत राहिले. "रोपाचा काय दोष?" म्हणायचे.

काठाकडची रोपे पिवळी पडून गेली. मधली वाढली, दिसायलाही चांगली होती. पाहुण्यांच्या जेवणाला मडमेने त्या वाफ्यांतला पाला कच्चाच वाढला. पहिल्या घासालाच कोणी कोणी तोंड वाकडे केले. भिडेखातर ज्याने खाल्ला, त्या पाहुण्याला रात्रभर उलट्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबाने व्हरांड्यात आम्हा दोघांना बोलावले. त्याचा चेहरा लाल झाला होता. त्याने इंग्रजीत विचारले, ही लाकडे भाजीच्या वाफ्याला कोणी लावली? मी बुवांकडे वळून मराठीत विचारले. बुवा शांतपणे म्हणाले, "साहेबाले सांगा, मी या लाकडाले नाई मनलो होतो. मी गावाले गेलतो तवा ते बसवलं. पंताले सबन ठाऊक हाय, पंतच सांगतीन."

त्यांना वाटत होते मी सांगेन. माझ्याकडे पाहून त्यांनी धीर दिल्यासारखी मानही हलवली. मी साहेबाकडे वळलो. नोकरी जाईल, पुण्याला परत काय तोंड दाखवू, एवढेच डोक्यात होते. मी इंग्रजीत म्हणालो, "तो म्हणतो, चूक त्याची झाली. म्हातारा माणूस आहे, क्षमा करावी."

ते वाक्य मी अगदी शुद्ध बोललो होतो.

साहेबाने हातानेच फाटक दाखवले. बुवांना त्याचा अर्थ सांगावा लागला नाही. ते आपल्या खोलीकडे गेले, कुदळ घेतली, घोंगडी घेतली. मी फाटकापर्यंत त्यांच्या बरोबर चालत गेलो. का गेलो, कोण जाणे. तिथे ते थांबले.

"मी मनलो ते सांगितलं न जी तुमी?"

"सांगितलं."

"सबन?"

"सगळं सांगितलं."

"मंग साहेबच तसा हाय," ते म्हणाले. "तुमी तरी काय करान. बोलले, हेच लई झालं." आणि त्या माणसाने मला हात जोडले.

ते तेल्हाऱ्याला लेकीकडे गेले. साहेबाच्या पाहुण्याला विष घालणारा माळी, अशी बोलवा त्यांच्या आधीच तिथे पोचली होती. त्यांची भाजी वर्षभर कोणी घेईना. हे मला कापसाच्या गाड्या हाकणाऱ्यांकडून कळे. आणखीही एक कळे. कोणी त्या प्रकरणावरून बोलले की बुवा म्हणत, "बडनेऱ्याच्या पंताले विचारा. साहेबाच्या तोंडावर माह्यासाठी एकटा तो बोलला." गाडीवान हे मला मोठ्या आदराने सांगत. मी मान खाली घालून ऐकत असे आणि त्यांना ती माझी नम्रता वाटे.

लढाई संपली, कापसाचा भाव कोसळला. साहेब बदलून गेला. माझी बढती होत होत मी अकोल्याला आलो. तिथून तेल्हारा फार लांब नाही, तरीही जायला मला अकरा वर्षे लागली. लग्न झाले, मुले झाली. मुलांना खरे बोलायला शिकवताना माझी जीभ अडखळू लागली. शेवटी एका सकाळी बैलगाडी जुंपायला सांगितली.

बुवा घरामागच्या परसात एका वाफ्याचे कुजलेले लाकूड बदलत बसले होते. पार वाळले होते. मला ओळखायला क्षणभर लागला, मग त्यांचा चेहरा असा उजळला की मी जवळजवळ परत फिरणार होतो. "पंत! बसा बाप्पा, बसा!" मी बसलो नाही. उभ्यानेच सगळे सांगितले. साहेबाला मी काय म्हणालो होतो, ते शब्दही सांगितले, आणि त्यांचा मराठी अर्थ सांगितला. माझ्या जन्मात मी केलेले हे सर्वांत खरे भाषांतर.

बुवा हातातल्या खुंटीकडे पाहत राहिले.

"मले हे काहून सांगितलं, पंत?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "नोकरी गेली, मळा गेला, त्याचं काई नाई वाटलं. येक मानूस आपल्यासाठी बोलला, एवढं घेऊन बसलो होतो मी. आता लोकाईले काय सांगू?"

मी क्षमा मागायला गेलो होतो. माझ्या मनावरचे ओझे उतरवायला गेलो होतो. त्यांच्याजवळ काही उरले असेल आणि ते मी आज नेत असेन, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. क्षमा मागायची राहूनच गेली.

इतक्यात त्यांची लेक पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. मला पाहून तिने पदर सावरला आणि बापाला विचारले, "आबा, हेच का ते बडनेऱ्याचे पंत? तुमच्यासाठी बोलले ते?"

बुवांनी माझ्याकडे पाहिले नाही.

"हो," ते म्हणाले. "हेच ते. त्याईले जेवाले वाढ."

तिने मला ओसरीवर पाट मांडला, गरम भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. समोर बसून आग्रह करकरून ती मला वाढत राहिली आणि मी जेवलो. परसातून खुंटी ठोकल्याचा आवाज येत होता. मी निघेपर्यंत तो थांबला नाही.